मोटरहोमचं दार नीट लागत नाही: कुलपाला हात लावण्याआधी

ओहायोत राहणाऱ्या एका ताईंचा त्यांच्या मोटरहोमबद्दल, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीबद्दल, प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आमची २०१३ सालची ३१ फुटी क्लास सी मोटरहोम आहे, फोर्ड ई-४५० व्हॅनच्या शाशीवर (सांगाड्यावर) बांधलेली. दोन वर्षांपूर्वी वापरलेली घेतली. दार आपटल्याशिवाय लागत नाही. ताशी साठ मैलांच्या वर गेलो की दाराच्या वरच्या कोपऱ्यातून शिट्टी वाजते. विजेची पायरी कधी आत जाते, कधी बाहेरच राहते. बाहेरून बघताना उंबरठ्याचा उजवा कोपरा पायाखाली दबतो. गेल्या महिन्यात खड्ड्यात आदळलो आणि चालत्या गाडीत दार उघडलं. लॅच नवा बसवला, दोन आठवड्यांत पुन्हा तेच. दुरुस्तीवाले म्हणतात अख्खं दार बदला, आणि तारीख देतात नोव्हेंबरची. ऑक्टोबरमध्ये साताऱ्याहून आई-बाबा येणार आहेत, त्यांना स्मोकी माउंटन्सला न्यायचं आहे. काय करू?"

ताई, आधी आजच्या सुरक्षिततेचं बोलतो, दुरुस्तीचं नंतर. दुरुस्ती होईपर्यंत गाडी हलवायची वेळ आली तर हँडलच्या लॅचवर भरवसा ठेवू नका, वरचा डेडबोल्ट, म्हणजे चौकटीत शिरणारा कुलपाचा अडसर, लावूनच निघा. आतून तो नुसती चकती फिरवली की उघडतो, त्यामुळे कोणी कोंडलं जाईल ही भीती नाही. डेडबोल्टही पूर्ण बाहेर येत नसेल तर दाराच्या आतल्या दांडीपासून पुढच्या सीटच्या पायापर्यंत रॅचेटचा पट्टा ओढून बांधा, आणि तो कसा सोडवायचा हे गाडीतल्या प्रत्येकाला हाताने करून दाखवा. हा उपाय घरापासून दुरुस्तीच्या जागेपर्यंत, एवढ्यापुरताच. आई-बाबांना घेऊन पट्टा बांधलेल्या दाराने डोंगरात जायचं नाही. आणखी एक: गाडीत लाल कड्यांची एक खिडकी असेल, संकटात बाहेर पडण्यासाठीची. ती या आठवड्यात एकदा उघडून बघा. वर्षानुवर्षं न उघडल्यामुळे तिचं रबर चौकटीला चिकटून बसलेलं मी किती गाड्यांत पाहिलंय.

आता मूळ मुद्दा. तुम्ही इतक्या तक्रारी लिहिल्यात, पण मला त्यात एकच दुखणं दिसतंय. मी गेली अठरा वर्षं इंडियानात एल्कहार्टच्या आसपास मोटरहोम दुरुस्त करतो. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही, म्हणजे मोटरहोम आणि ओढून न्यायची फिरती घरं, याच पट्ट्यात तयार होतात, त्यामुळे नव्या, जुन्या, अपघातातल्या, सगळ्या प्रकारच्या दारांशी संबंध येतो. "दार लागत नाही" म्हणून आलेल्या गाड्यांमध्ये लॅच खरोखर बिघडलेला असतो, असं फार थोड्या वेळा होतं. बहुतेक वेळा दार बिचारं सरळ असतं आणि चौकट तिरकी झालेली असते. माझे आजोबा सावंतवाडीकडे सुतारकाम करायचे. पावसाळ्यात दार अडकतंय म्हणून कोणी बोलावलं की ते रंधा पिशवीतून काढायचेच नाहीत, आधी चौकटीला ओळंबा सोडायचे. तुमच्या दुरुस्तीवाल्यांनी लॅच बदलला, पण चौकटीला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून पाहिला का, हे त्यांना जरूर विचारा.

तुमच्या गाडीचं दार उजव्या अंगाला आहे आणि बिजागऱ्या पुढच्या बाजूला, म्हणजे बाहेरून बघताना उजवीकडे. दबणारा कोपरा नेमका त्याच बाजूचा. दाराचं सगळं वजन बिजागऱ्यांवर, बिजागऱ्यांचं चौकटीच्या उभ्या पट्टीवर, आणि ती पट्टी ज्या लाकडात स्क्रूने धरलेली आहे ते लाकूड कुजत असेल तर चौकट हळूहळू खाली आणि बाहेर सरकते. मग दाराची मोकळी कड, म्हणजे लॅचची बाजू, खाली झुकते. लॅचची जीभ खाचेच्या खालच्या ओठावर आदळते, म्हणून आपटावं लागतं. वरच्या कोपऱ्यात फट वाढते, म्हणून शिट्टी. पायरीचा चुंबक दारात असतो आणि त्याचा स्विच चौकटीत. दोघांमधलं अंतर वाढलं की दार लागलंय हे पायरीला कळत नाही, ती बाहेरच राहते. आणि जीभ खाचेत जेमतेम अडकलेली असली की एका खड्ड्यात सुटते. नवा लॅच दोन आठवड्यांत "बिघडला" तो यामुळेच.

हा माझा अंदाज आहे, गाडी मी पाहिलेली नाही. तेव्हा तो तुम्हीच तपासा. त्यासाठी फारसं सामान लागत नाही.

गाडी शक्य तितक्या सपाट काँक्रीटवर उभी करा. गाडी समतल करायचे जॅक असतील तर ते पूर्ण मिटून घ्या, म्हणजे गाडी चाकांवरच उभी राहील, आणि स्लाइड-आउट (भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग) आत असू द्या. हे फार महत्त्वाचं आहे. मोटरहोमचं खोकं लवचीक असतं. एका कोपऱ्याखाली जॅक जास्त लावला तर सगळं खोकं पिळवटतं आणि दाराची चौकट समांतरभुज होते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका गाडीची लॅचसमोरची खाचेची पट्टी कानशीने घासून दार छान बसवून दिलं होतं. मालक गाडी घेऊन गेला, रस्त्यावर गाडी सरळ उभी राहिली आणि दार खडखडायला लागलं. कॅम्पग्राउंडमध्ये ती गाडी तिरक्या जॅकवर उभी होती आणि मी पिळलेल्या चौकटीला दार जुळवलं होतं. पट्टी पुन्हा माझ्या पैशाने बदलून दिली. तेव्हापासून चाकांवर आणि जॅकवर, अशा दोन्ही अवस्थांत दार पाहिल्याशिवाय मी कशालाही हात लावत नाही. तुमचं दार चाकांवर नीट लागत असेल आणि जॅकवरच अडत असेल तर दुरुस्तीच नको, जॅक लावायची पद्धत बदला: पुढची जोडी एकत्र, मागची जोडी एकत्र, एकटा कोपरा कधीही उचलायचा नाही.

मग दार लावा आणि बाहेरून चारी बाजूंची फट बघा. माझ्या खिशात पंचवीस सेंटची नाणी असतात. एक नाणं पावणेदोन मिलिमीटर जाडीचं, दोन मिळून साडेतीन. फटीत कुठे एक जातं, कुठे दोन, कुठे तीन, हे चौकटीवर चिकटपट्टी लावून पेन्सिलीने लिहा. आकडा किती याला फारसं महत्त्व नाही, तो सगळीकडे सारखा आहे का ते बघायचं. तुमच्या बाबतीत वर लॅचच्या बाजूला तीन नाणी सहज जातील आणि खाली त्याच बाजूला एकही जाणार नाही, असं मला वाटतं.

त्यानंतर कर्ण मोजा. इथे एक अडचण येते. या चौकटींचे वरचे कोपरे गोल असतात, तिथे टेप कुठे धरायचा कळत नाही. म्हणून दोन्ही उभ्या बाजूंवर उंबरठ्यापासून सारख्याच उंचीवर, समजा साठ इंचांवर, खुणा करा आणि तिथून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत मोजा. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. पाव इंचाचा फरक असेल तर बिघाड चौकटीतच आहे असं समजा.

पण इथे फसगत होऊ शकते. उंबरठ्याचाच एक कोपरा खचला असेल तर दोन्ही खुणा त्याच खचलेल्या कडेवरून मोजल्या जातात. म्हणून पाणसळ उंबरठ्यावर आडवी ठेवून बघा, आणि गाडीच्या आतल्या जमिनीवरही ठेवून बघा. जमिनीचा बुडबुडा मध्यावर आणि उंबरठ्याचा एकीकडे गेला, की झालं निदान.

बिजागऱ्यांचीही परीक्षा घ्या. दार अर्धं उघडून मोकळ्या कडेला खालून हात घाला आणि वर उचला. बिजागरीची खीळ हलताना दिसली तर खीळ झिजलीय. खीळ जागच्या जागी आणि बिजागरीची पाटीच हलली तर स्क्रू सैल झालेत. आणि पाटी-खिळीसकट अख्खी चौकट भिंतीपासून सुटताना दिसली, तर दुखणं चौकटीमागच्या लाकडात आहे. तिन्ही गोष्टी हाताला वेगवेगळ्या जाणवतात. एकाने उचलायचं आणि दुसऱ्याने बिजागरीवर बोट ठेवून बघायचं, म्हणजे चूक होत नाही.

लॅच नेमका कुठे अडतो हे बघायला मी कुंकू वापरतो. व्हॅसलीनमध्ये चिमूटभर कुंकू कालवायचं, जिभेच्या टोकाला बोटाने लावायचं आणि दार हळूच टेकवायचं. समोरच्या पट्टीवर लाल ठसा उमटतो. खाचेच्या खालच्या कडेवर ठसा आला तर दार झुकलंय. खाचेच्या बाहेरच्या कडेवर आला तर दार पुरेसं आत जात नाही, म्हणजे दाराभोवतीचं रबरी सील जाड आहे किंवा दार वाकलंय. लगेच पुसून टाका, पांढऱ्या रंगावर डाग राहतो.

आता त्या मऊ कोपऱ्याकडे वळू. खरं काम तिथे आहे. आतून उंबरठ्यावरची ॲल्युमिनियमची पट्टी काढा आणि अरी, म्हणजे टोचायचं अणकुचीदार हत्यार, हळूच टोचा. चांगल्या लाकडात ती दोन-तीन मिलिमीटर जाऊन थांबते. काही वर्षांपूर्वी उत्तर इंडियानातल्या एका कॅम्पग्राउंडमध्ये एका वयस्क जोडप्याच्या गाडीवर मी हेच करत होतो. त्यांनी तीन वेळा लॅच बदलून घेतला होता. अरी टेकवली आणि दाबायच्या आधीच ती मुठीपर्यंत आत गेली. पट्टी उचलली तर खाली लाकूड नव्हतंच. काळा, ओला, चहाच्या चोथ्यासारखा लगदा होता आणि बंद माळ्याचा वास. स्क्रू बोटांनी उपसून निघाले, त्यांच्या आट्यांना लाकडाचे धागे चिकटलेले. काकू शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "तीन वर्षं हे आमच्या पायाखाली होतं?" होतं. वर गालिचा होता म्हणून दिसलं नाही.

पाणी कुठून आलं? उंबरठ्यातून नव्हे, हे आधीच सांगतो. खाली कुजलं की लोक खालीच सील भरतात आणि पाणी आत कोंडून घेतात. त्या गाडीत दाराच्या वरच्या दिव्याचं गॅस्केट (मागची रबरी पट्टी) आक्रसलं होतं. पाणी दिव्याच्या भोकातून भिंतीत, तिथून चौकटीच्या उभ्या पट्टीमागून खाली, आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात साठायचं. दिवा, पकडायची दांडी, ऑनिंगची (बाहेर उघडणाऱ्या कापडी छपराची) पट्टी, छताची पन्हळ, दाराच्या वरची चौकट, हे सगळे संशयित. शोधायला बागेचा पाइप पुरतो. नोझल नको, साधी धार. खालून सुरुवात करा आणि पाच-पाच मिनिटं धरत वर सरका. आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं. वरून सुरुवात केलीत तर सगळंच ओलं होतं आणि भोक कुठलं ते कधीच कळत नाही. हे भोक सापडल्याशिवाय लाकूड बदलू नका. नाहीतर दोन वर्षांनी हेच काम पुन्हा करायला लागेल.

अरी उंबरठ्यापासून आत जमिनीच्या फळीत सहा इंचांपलीकडेही शिरत असेल, किंवा पायरीचे बोल्ट ज्या जागी धरलेत तिथे मऊ लागत असेल, तर तिथे थांबा. ते घरी करायचं काम नाही, जमीन उघडावी लागते. पण कुज कोपऱ्यापुरती असेल तर तुम्ही आणि घरातलं आणखी एक माणूस मिळून दोन शनिवार-रविवारांत करू शकाल. मध्ये वाळायला आठवडा जातो.

पहिलं काम म्हणजे पायरीचा फ्यूज काढून ठेवणं. दाराचा चुंबक हलला की पायरी अचानक आत-बाहेर होते, आणि काम करताना पाय नेमका तिथेच असतो.

चौकट बाहेर काढताना दार बंद आणि डेडबोल्ट लावलेलं ठेवा, म्हणजे दार आणि चौकट मिळून एकच नग निघतो आणि पिळत नाही. आतली कड स्क्रूंनी धरलेली असते, ती आधी काढा. मग बाहेरच्या कडेचे स्क्रू. काही गाड्यांत ते विनाइलच्या पट्टीखाली लपलेले असतात. वरचे दोन सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा एकाने बाहेरून दार धरून उभं राहायचं. जुनं सीलंट प्लास्टिकच्या खरवडणीने सोडवा. लोखंडी पात्याने फायबरग्लासवर ओरखडे उठतात आणि नवं सील तिथूनच गळतं. नग उतरवून गोधडीवर ठेवा.

कुजलेलं लाकूड टणक भाग लागेपर्यंत कोरून काढा. इथे हयगय नको. बोटाने दाबून "बरं आहे" वाटलं तरी अजून एक इंच पुढे जा. मग पंखा लावून वाळू द्या. ओलावा मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, त्यात पंधरा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय नवं लाकूड बसवू नका.

नवं लाकूड कुठलं, यात खूप जण चुकतात. घराच्या डेकसाठी मिळणारं प्रक्रिया केलेलं हिरवट लाकूड कुजत नाही म्हणून ते आणतात. त्यात तांबं असतं, आणि तांब्याचं नि ॲल्युमिनियमचं जमत नाही. ओल लागली की चौकट पोखरायला लागते, पांढरी भुकटी दिसते. साधं पाइन किंवा फर घ्या, मापात कापून सगळ्या कडांना, विशेषतः आडव्या कापांना, पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ) पाजा. दोन हात. स्क्रूची भोकं पाडून त्यातही इपॉक्सी सोडा. तुकडा जुन्या टणक लाकडाला गोंद आणि स्क्रूने घट्ट जोडा.

चौकट परत बसवताना आधी कोरडीच बसवून बघा, टेप-सील काही न लावता. चार स्क्रू हलके लावा, दार उघडून-मिटून बघा, नाणी फिरवा, कर्ण मोजा. फट जिथे चुकते तिथे चौकट आणि भिंतीच्या लाकडामध्ये प्लास्टिकच्या पाचरी सरकवा. पाचरी बिजागऱ्यांच्या मागे आणि लॅचच्या मागे हव्यातच. त्या ठिकाणी पोकळी राहिली तर स्क्रू आवळताना उभी पट्टी आत ओढली जाते, धनुष्यासारखी वाकते, आणि मग डेडबोल्ट खाचेपर्यंत पोचत नाही. मला सगळ्यात जास्त वेळ याच कामाला लागतो. सव्वा तास लागला तरी चालेल. दार एका बोटाने ढकलून लागेपर्यंत पुढे जायचं नाही.

जमलं की पाचरींच्या जागा खुणा करून ठेवा, चौकट काढा, कडेला आतून ब्यूटिलची टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) सलग लावा, जोड खालच्या बाजूला येईल असा. पन्नास फॅरनहाइटच्या (दहा सेल्सिअसच्या) खाली हे काम करू नका, टेप धरत नाही. ऑक्टोबर ओहायोत लवकर गारठतो, म्हणून सप्टेंबरमध्येच उरका. स्क्रू हाताच्या पेचकसाने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. धक्के देणारं यंत्र वापरू नका, ते एका क्षणात चौकट वाकवतं. प्रत्येक फेरीनंतर दार मिटून बघा. दुसऱ्या दिवशी उन्हात ब्यूटिल मऊ होऊन दबते, तेव्हा सगळे स्क्रू पुन्हा पाव फेरा आवळा आणि बाहेर आलेली टेप कापून टाका. मग वरच्या आणि दोन उभ्या कडांवर सीलंटची बारीक रेघ ओढा. खालची कड मी मोकळी ठेवतो, म्हणजे चुकून आत गेलेलं पाणी बाहेर पडतं. सीलंट सिलिकोनचं नको. एकदा सिलिकोन लागलं की त्याच्यावर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही, आणि पुढच्या दुरुस्तीला ते मिलिमीटर-मिलिमीटर खरवडावं लागतं. छतावर ओतायचं, आपोआप पसरणारं सीलंटही भिंतीला चालत नाही, ते ओघळतं.

एवढं झाल्यावर लॅचकडे बघा. बहुधा काही करावंच लागणार नाही, कारण तुमचा लॅच नवाच आहे. कुंकवाचा ठसा अजून एखाद-दुसरा मिलिमीटर चुकत असेल तर समोरची पट्टी सैल करून सरकवा. भोकं लांबट असतात, तेवढ्यासाठीच. डेडबोल्ट निदान एक सेंटिमीटर खाचेत शिरला पाहिजे. कानस शेवटचा उपाय. कुलपात कोरडं पीटीएफई (टेफ्लॉन) किंवा ग्रॅफाइट सोडा, डब्ल्यूडी-४० चा तेलकट फवारा नको. त्याने पहिल्या दिवशी छान चालतं, मग त्याच्यावर धूळ बसते आणि चावी अडकते.

सीलची परीक्षा कागदाने. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. हलका विरोध होऊन निघाली तर ठीक, सुळकन निघाली तर तिथे सील दबत नाही. दर सहा इंचांवर बघा. सील बदलायची झाली तर जुन्याचा, न दबलेल्या जागेचा, तुकडा कापून त्याच उंचीचा फुगा असलेलं घ्या. "जाड घेतलं की जास्त घट्ट" हा समज चुकीचा आहे. जाड सील लॅचला रोज बाहेर ढकलत राहतं. चिकटवताना ताणू नका. ताणलेलं रबर उन्हाळ्यात आक्रसतं आणि कोपऱ्यात फट पडते. जुनी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करा, सुरुवात आणि शेवट दोन्ही खालच्या कडेला.

समजा अरी कुठेच शिरली नाही, चौकट काटकोनात निघाली, आणि दारच वाकलेलं आहे. तर एक प्रश्न स्वतःला विचारा: सकाळी नीट लागतं आणि दुपारी नाही, असं होतं का? ही दारं म्हणजे ॲल्युमिनियमची चौकट, आत फोम, बाहेर फायबरग्लासचा पत्रा, आतून पातळ प्लाय. ऊन लागलं की बाहेरची बाजू प्रसरण पावते, आतली एसीने गार असते, आणि दार बाहेरच्या बाजूला फुगतं. गडद रंगाच्या दारांना हे जास्त होतं. ऑनिंग उघडली की अर्ध्या तासात पूर्ववत होतं. त्यासाठी खर्च करू नका.

कायमचं वाकलेलं दार, उदाहरणार्थ वाऱ्याने हिसका देऊन उघडलेलं, थोडंफार सरळ करता येतं. लॅचच्या उंचीवर दार आणि चौकटीमध्ये लाकडी ठोकळा कापडात गुंडाळून धरायचा आणि बाहेर आलेला कोपरा तळहाताने सावकाश आत दाबायचा. सोडून बघायचं, पुन्हा दाबायचं. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच. कोपऱ्यातल्या जोडावर चीर दिसली किंवा पत्र्याखाली फुगवटा आला असेल तर हे करू नका. ते दार खरोखरच बदलायचं आहे.

आणि बदलायचंच ठरलं तर माप दाराचं नव्हे, भिंतीतल्या भोकाचं द्या. रुंदी, उंची, वरच्या कोपऱ्यांची गोलाई, भिंतीची जाडी, आणि बाहेरून बघताना बिजागऱ्या कुठल्या हाताला. गोलाई जुळली नाही तर नवं दार भिंतीत बसतच नाही, आणि ते परत पाठवणं दार विकत घेण्याइतकंच डोकेदुखीचं असतं. पण कुजलेल्या कोपऱ्यावर नवं दार बसवून काही साधणार नाही. तीच चौकट नव्या दारालाही खाली ओढेल. म्हणून मी तुम्हाला नोव्हेंबरची तारीख रद्द करा असं म्हणत नाही, पण अरी टोचून बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

मोठ्या, बससारख्या क्लास ए गाड्यांचं वेगळं असतं, कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी: तिथे कारसारखा फिरणारा लॅच आणि समोर गोल खुंटी असते. खुंटीमागचं नट सैल करून ती सरकवता येते. काढण्यापूर्वी तिच्याभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवा, नाहीतर मूळ जागा सापडत नाही. बाहेरचं हँडल उचललं आणि काहीच घडलं नाही, तर आतलं आवरण काढून बघा. हँडलपासून लॅचपर्यंत जाणारी सळई प्लास्टिकच्या चिमट्याने धरलेली असते. तो बटणाएवढा चिमटा तुटतो, आणि लोकांना वाटतं कुलूप गेलं.

ताई, तुमच्या पायरीचं राहिलं. दार जागेवर आलं की चुंबक आणि स्विच आपोआप जवळ येतील. फ्यूज लावा, दार उघडा-मिटा दहा वेळा. दहाही वेळा पायरी आत गेली तर ते प्रकरण मिटलं. एकदा जरी चुकली तर स्विचवरची धूळ पुसा आणि चुंबक थोडा पुढे घ्या. आई-बाबांसाठी मी आणखी एक करेन: दाराशेजारची बाहेरची दांडी दोन्ही हातांनी जोराने ओढून बघा. तीही त्याच भिंतीत, त्याच बाजूला धरलेली आहे. बाबा चढताना सगळा भार तिच्यावर टाकतील. ती हलली तर तिचेही स्क्रू काढून मागचं लाकूड टोचा, आणि परत लावताना भोकांत ब्यूटिल भरा.

काम झाल्यावर नाणी फिरवून नवे आकडे चिकटपट्टीवर लिहा, आणि स्मोकीला निघण्याआधी शंभरेक मैलांची एक फेरी मारा, थोडा खराब रस्ता असलेली. परत आल्यावर पुन्हा नाणी फिरवा आणि त्या नव्या आकड्यांशी ताडा. त्याआधी, तपासणी झाली की लगेच, अरी किती आत गेली, नाणी कुठे किती बसली आणि कुंकवाचा ठसा कुठल्या कडेवर आला, हे तीन फोटोंसह कळवा. त्यावरून पाचर कुठे आणि किती लागेल ते मी सांगू शकेन.